रेगे सर, कोरम झाला

रेगे सर, तुमच्या व्हिसावर तुमचा हुद्दा 'स्टोअरकीपर' असा लिहिला होता, हे मला माहीतच नव्हतं. तुम्ही गेलात त्या दिवशी तुमचे सगळे कागद माझ्या हातात आले. सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये काय बोलायचं ते तुमच्या अमितला सुचत नव्हतं आणि सुलभावहिनींनी मला फोन केला, "तुम्ही या हो, तुम्हाला कागदांचं कळतं." मला कागदांचंच तेवढं कळतं. मृत्यूचा दाखला, त्याचं अरबी भाषांतर, मग पासपोर्ट, मग व्हिसा रद्द. एवढं सगळं झाल्याशिवाय या देशात माणसाला अग्नी देता येत नाही. काउंटरवरच्या मल्याळी बाईने विचारलं, "प्रोफेशन?" मी 'सायंटिस्ट' म्हणायला तोंड उघडलं आणि तिने कॉपीवर बोट ठेवलं. बोटांत धागा घोळवून कापूस कुठल्या जिल्ह्यातला ते सांगणारा माणूस, आणि स्टोअरकीपर! तोवर मी रडले नव्हते. तिथे रडले, रांगेत उभी राहून.

आज अकरा दिवस झाले. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर दोन पानं द्यायची आहेत आणि ती मी लिहावीत असं वहिनींचं म्हणणं. म्हणाल्या, "ह्यांचा तुमच्यावर फार विश्वास. त्या मीटिंगच्या वेळी एकट्या सेक्रेटरीबाईंनी शब्द पाळला, असं शेवटपर्यंत सांगायचे." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार! घरी येऊन कॉम्प्युटर उघडला, तर तीन दिवस 'डॉ. रेगे यांचा जन्म वेंगुर्ल्याचा' याच्या पुढे एक ओळ सरकत नाही. ते शब्द पाळल्याचं वाक्य मला लिहिता येत नाही. म्हणून ती दोन पानं राहू देत बाजूला. आधी तुमच्याशी बोलते, मग बघू.

पहिल्या दिवसापासून आपलं भांडण होतं, आठवतंय? मी बी.कॉम., डोंबिवलीच्या एका कारखान्यात कंपनी सेक्रेटरीच्या हाताखाली तयार झालेली. दुबईत या सरकारी संस्थेत नोकरी लागली तेव्हा घरी नाव सांगितलं, 'वसाहतकाळातला व्यापार आणि कच्चा माल संशोधन संस्था'. माझा नवरा म्हणाला, "म्हणजे नक्की विकतात काय?" मलाही ठाऊक नव्हतं. माझं काम नियामक मंडळाच्या सेक्रेटरीचं. सात सभासद, त्यांची वर्षातून चार वेळा मीटिंग, तिची नोटीस, अजेंडा, इतिवृत्त. तुम्ही वरच्या मजल्यावर त्या लांबलचक खोलीत, तुमच्या बाटल्यांबरोबर. पहिल्याच मीटिंगनंतर तुम्ही इतिवृत्ताचा कागद घेऊन तरातरा खाली आलात. "सेक्रेटरीबाई, मी वीस मिनिटं बोललो. तुम्ही लिहिलंत, 'चर्चा झाली.'"

"झालीच ना?"

"अहो, काय चर्चा झाली ते?"

"सर, मंडळाने ठरवलं तेवढंच लिहायचं असतं. तुमच्या वीस मिनिटांत मंडळाने काहीही ठरवलं नाही."

तुम्ही रागाने लाल झालात आणि मग खो-खो हसलात. तुमचा राग म्हणजे दुधाचं उतू जाणं, गॅस बंद केला की खाली. त्या दिवशी तुम्ही मला करामाच्या खानावळीत जेवायला नेलंत, सुरमईची तुकडी दोनदा परत पाठवलीत आणि वेटरला मासा शिळा का आहे यावर व्याख्यान दिलंत. हिंदीत. तो बिचारा तमिळ होता.

ती खोली मला सुरुवातीला भंगारच वाटायची, खरं सांगते. साहेबाच्या काळात मुंबई, बसरा, झांझिबार, या खाडीतल्या बंदरांतून जो माल जायचा त्याचे नमुने. तुम्ही त्यांना वानग्या म्हणायचात. डिंक, लाख, नीळ, काथ्या, लवंग, सागाचे तुकडे, कापसाचे पुंजके, मोती चाळायच्या पितळी चाळण्या. प्रत्येकीबरोबर एक कार्ड, माल कुठला, कुणी पिकवला, कुठल्या जहाजाने गेला, साहेबाने कुठली प्रत ठरवली. मी एकदा म्हटलं, "कुणाला हवाय हो हा जुना कापूस?" तुम्ही कार्ड माझ्या हातात दिलंत. त्यावर साहेबाच्या अक्षरात 'हलका' असा शेरा. तुम्ही म्हणालात, "कापूस हलका नव्हता, बाई. हलका म्हटलं की भाव पाडता येतो. पण हे सिद्ध करायला कापूस आणि कार्ड दोन्ही लागतं. कार्ड हरवलं की हा गादीत भरायचा कापूस." तेव्हापासून मी तुमच्या खोलीला भंगार म्हणायचं सोडलं. तुमच्यासमोर तरी.

माझाही एक अभिमान होता आणि तुम्ही त्यावरून मला फार चिडवायचात. कोरम पाचचा. सातांपैकी पाच आले नाहीत तर मीटिंग होत नाही, मग तीस दिवसांची नवी नोटीस. सभासद सगळे मोठे लोक, ईमेल कोण वाचतंय! म्हणून मीटिंगच्या दिवशी सकाळी आठला मी स्वतः प्रत्येकाला फोन करायचे. सहा वर्षांत एकही मीटिंग पडली नव्हती. तुम्ही म्हणायचात, "बाई, तुम्ही फोन केलात तर मेलेला मेंबरही येऊन सही करील."

मग दोन हजार आठची मंदी आली. त्या वर्षाच्या अखेरीस आपल्याकडे दर शुक्रवारी कुणाचं तरी सामान विकायला निघायचं. सोफा, फ्रिज, मुलांच्या सायकली. बांधकामांवरच्या क्रेन एकेक करून थांबल्या. माझा नवरा, विनय, साइट इंजिनिअर, त्याला एका गुरुवारी बोलावून सांगितलं, खलास. तो घरी बसला. कुटुंबाचा व्हिसा माझ्या नावावर करून घेतला आणि घरात सगळे माझ्या नोकरीकडे देवाकडे बघावं तसे बघायला लागले. आपल्या संस्थेतही कात्री आलीच. सातांतला इंग्रज प्रोफेसर मायदेशी परतला, बँकवाला एक दिवस न सांगता निघून गेला. उरले पाच. आणि फेब्रुवारीच्या मीटिंगच्या अजेंड्यावर अध्यक्षांनी विषय घातला, नमुना विभाग बंद करून जागा पंधरा दिवसांत रिकामी करणे. तो विषय मीच टाइप केला, सर. तुमच्या आधी मीच वाचला.

तुम्ही खाली आलात आणि आल्याआल्या दार लावून घेतलंत. एवढं गंभीर मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. "भारतातलं एक विद्यापीठ अख्खी खोली घ्यायला तयार आहे. कार्डांसकट. तोंडी हो म्हणालेत, कुलगुरूंची सही व्हायला महिना लागेल. मला एक महिना हवा, बाई."

"मग अध्यक्षांना सांगा."

"सांगितलं. ते म्हणतात, पत्र दाखवा. पत्र असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो!" मग तुम्ही खुर्ची ओढून बसलात. "पाचच उरलेत. हाजीसाहेबांना तुमचा फोन गेला नाही तर ते येत नाहीत. एवढंच करा. खोटं बोलू नका, काही नका करू. फक्त एक फोन करू नका."

हाजीसाहेब, आपले सगळ्यात म्हातारे सभासद, इथलेच व्यापारी. लहानपणी वडिलांबरोबर मोती घेऊन मुंबईत राहिलेले, त्यामुळे अस्सल मुंबईचं हिंदी बोलायचे आणि मला बेटी म्हणायचे. त्या खोलीवर त्यांचा जीव, त्यांच्या आजोबांची चाळणी होती तिथे. गंमत बघा, त्यांना आपण सरळ जाऊन सांगितलं असतं तर ते स्वतःच घरी बसले असते. पण स्टाफने सभासदांशी परस्पर बोलायचं नाही हा नियम, आणि तुम्ही नियमाचे कसले पक्के! मी म्हटलं, "ही लबाडी आहे." तुम्ही म्हणालात, "गप्प बसण्याला लबाडी कोण म्हणतं?" आपण अर्धा तास भांडलो. शेवटी मी म्हटलं, ठीक आहे, नाही करणार फोन. तुम्ही हात जोडलेत. 

आणि मी नाही केला फोन. हे खरं आहे, देवाशपथ. त्या सकाळी आठला बाकी चौघांना केला आणि हाजीसाहेबांच्या नावापुढे थांबले. सहा वर्षांत पहिल्यांदाच. मग टेबल पुसत बसले.

साडेआठला माझाच मोबाइल वाजला.

"बेटी, आज तेरा फोन नहीं आया. तबियत ठीक है ना? मीटिंग है के नहीं?"

सर, नोटीस ते वाचत नव्हते, पण मीटिंगची तारीख त्यांच्या लक्षात होती. ते वाट बघत होते. सहा वर्षं दर वेळी मी फोन केला म्हणून न केलेला फोन त्यांना ऐकू गेला. हे तुमच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही नाही. दोघेही एवढे शिकलेले!

मी काय काय म्हणू शकले असते? पुढे कितीतरी वेळा मोजलंय. 'साहब, आज मत आइए' म्हणू शकले असते, त्यांनी कारणसुद्धा विचारलं नसतं. 'थोड्या वेळाने सांगते' म्हणून तुम्हाला वर पळत येऊन विचारू शकले असते. फोन कट करू शकले असते. आणि मी म्हटलं, "जी साहब, दस बजे." अगदी नेहमीच्या आवाजात. विनयची नोकरी, व्हिसा, मुलीची शाळा, ते सगळं त्या क्षणी मनात आलं, असं म्हटलं तर ऐकायला बरं वाटेल. तसं काही आलं नाही. मोठ्या माणसाने विचारलं आणि मी उत्तर दिलं, बस्स. भीती नंतर आली. ते म्हणाले, "यल्ला, चलो, आता हूँ," आणि फोन ठेवला. मी वर आले नाही. तुमच्या खोलीत यायला सतरा पायऱ्या होत्या आणि माझ्याकडे दीड तास होता.

दहाला तुम्ही मागच्या खुर्चीवर बसला होतात, निमंत्रित म्हणून. चौघे आले. दहा वाजून पाच मिनिटं झाली, अध्यक्ष घड्याळ बघायला लागले आणि तुमच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड यायला लागला. तो मी पाहिला. मग दार उघडलं आणि हाजीसाहेब काठी टेकत आत आले, मला म्हणाले, "देर हो गई, बेटी." अध्यक्षांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "कोरम?" ते जाहीर करायचं काम माझं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "पाच उपस्थित. कोरम झाला."

हाजीसाहेब खोलीसाठी जीव तोडून बोलले. आजोबांच्या चाळणीचं सांगितलं, म्हणाले हे फेकून द्याल तर तुमची नातवंडं विचारतील तेव्हा त्यांना काय दाखवाल? मतदान झालं, चार विरुद्ध एक. विरोधातले ते एक म्हणजे हाजीसाहेब, आणि त्यांच्या येण्यानेच कोरम भरून ठराव होऊ शकला. त्या बिचाऱ्यांना हे शेवटपर्यंत कळलं नाही. मी इतिवृत्तात लिहिलं, 'चर्चा झाली. ठराव संमत.'

बाहेर कॉरिडॉरमध्ये तुम्ही मला गाठलंत. "फोन केलात?"

"नाही."

"खरं सांगा."

"नाही केला, सर. मुलीची शपथ."

तुम्ही निघून गेलात. दोन दिवसांनी खाली आलात, डोळे सुजलेले. "मी तुमच्यावर संशय घेतला. माफ करा. ते आपणहून आले असणार, आपलं नशीबच फुटकं." मी म्हटलं, "जाऊ द्या हो." सर, तुम्ही माझी माफी मागितलीत आणि मी ती घेतली. वर चहाही मागवला. त्या फोनबद्दल एकवेळ मी स्वतःला क्षमा करीन, त्या चहाबद्दल कशी करू?

आठवड्यात पॅकर्स आले. सगळी आपलीच माणसं, कोकणातली, बीडकडची. तुम्ही त्यांच्यामागे फिरत होतात, "बाबांनो, बाटली आणि कार्ड एकत्र ठेवा रे, हात जोडतो." त्यांचा मुकादम, संगमेश्वरचा, कानकोंडा होऊन म्हणाला, "साहेब, आमाला सांगितलंय काचसामान वेगळं, कागद वेगळे. आमी काय करणार?" खरंच, तो तरी काय करणार होता! मी अध्यक्षांना फोन लावला, तीनदा. इन्शाल्ला, बघू, म्हणाले. संध्याकाळपर्यंत बाटल्या एका गोदामात गेल्या आणि कार्डं दुसऱ्या. विद्यापीठाचं पत्र मार्चच्या मध्यावर आलं. तुम्ही ते माझ्या टेबलावर ठेवलंत आणि म्हणालात, "हो म्हणतायत." तोवर तिथे न्यायला काही उरलं नव्हतं. तुमची नोकरी त्याच महिन्यात गेली. माझी आणखी एक वर्ष चालली, संस्था गुंडाळायलासुद्धा सेक्रेटरी लागते ना.

तुम्ही अबू धाबीला गेलात, मसाल्याच्या गोदामात आलेला माल तपासायला. तिथून शुक्रवारी फोन. "सेक्रेटरीबाई, आज ग्वाटेमालाची वेलची केरळची म्हणून विकायला आणली होती. मला! मला फसवतायत!" तुम्ही हसायचात, मी हसायचे. त्या खोलीचं नाव तुम्ही काढलंत तरी फक्त माझ्या कौतुकापुरतं. लोकांसमोरही. अमितच्या लग्नात तर तुम्ही विहीणबाईंना सांगितलंत, "या बाईंनी माझ्यासाठी नोकरी पणाला लावली होती." मी ताटातल्या जिलबीकडे बघत बसले. विनयने विचारलं, "काय गं, कधी?" त्यालाही मी काही सांगितलं नाही.

एकदा सांगणार होते. तुम्ही बर दुबईत देवळात आला होतात, मीना बाजारात वहिनींची साडीखरेदी संपत नव्हती, म्हणून आपण दोघं अब्राच्या होडीत बसून खाडीपलीकडे निघालो. मी म्हटलं, "सर, त्या दिवशी सकाळी—" तुम्ही नाक वर केलंत, "थांबा, थांबा. हिंगाची पोती उतरतायत बघा तिकडे. अफगाणी." आणि तुम्ही लहान मुलासारखे उठून उभे राहिलात. नावाडी ओरडला. मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण हायसंच वाटलं.

तुम्ही आजारी पडल्यावर मी दोनदा भेटायला आले. दोन्ही वेळा पक्कं ठरवून. हॉस्पिटलात तुमच्या हाताला सुया, आणि तुम्ही मला विचारताय, "लेक काय म्हणते? विनयचं नवं काम कसं?" मरणाऱ्या माणसाच्या छातीवर स्वतःचं ओझं ठेवायचं नाही, असं मी मनाला समजावलं. चांगलं कारण होतं. अशी चांगली कारणं मला पाच वर्षांत कधी कमी पडली नाहीत.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर इराने विचारलं, लेख झाला का. चौदा वर्षांची झाली आता. तिला सगळं सांगितलं, का कोण जाणे. पाच वर्षांत पहिली तीच. ती म्हणाली, "आई, जस्ट टेल आंटी. व्हॉट्स द वर्स्ट शी कॅन डू?" म्हणून आज सकाळी अबू धाबीला, खलिफा सिटीत वहिनींकडे गेले. त्या गॅलरीत मेथी निवडत होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं, हाजीसाहेबांचा फोन, दस बजे, तो चहा, सगळं. म्हटलं, "वहिनी, शब्द पाळला म्हणून मी लिहू शकत नाही. मी पाळला नाही."

त्या मेथीच्या काड्या एका बाजूला करत राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील, उठा. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या होत्या, चांगल्याच.

"हे त्यांना सांगायचं होतंत."

"हो."

"त्या कापसाच्या चिठ्ठ्यांसाठी ते झोपेत बडबडायचे. माहितीय तुम्हाला?"

"नाही."

"सांगितलं असतंत तर तुमच्याशी भांडले असते. चार लोकांत बोलले असते. आठ दिवस तुमचा फोन घेतला नसता." त्यांनी पदराला हात पुसले. "नवव्या दिवशी आपणहून केला असता. मी ओळखते ना त्यांना. राग धरायचा म्हटलं तरी धरता यायचा नाही त्यांना."

एवढं बोलून त्या आत गेल्या. मी गॅलरीत बसून राहिले.

आठ दिवस, सर. त्या आठ दिवसांना घाबरून मी पाच वर्षं काढली.